मशीनची वाफ

‘बाळाला रात्री दोनदा वाफ दिली’ असं घरोघरी म्हणतात. निम्मे घोटाळे या एका शब्दातले. नेब्युलायझरमध्ये काही उकळत नाही. कॉम्प्रेसरची जोरदार हवा कपातल्या औषधाचं धुकं करते. त्यातले १ ते ५ मायक्रॉनचे कण श्वासनलिकांत खोलवर पोचतात. मास्कपुढे हात धरून बघा, धुकं गारच लागतं. पण ‘वाफ’ म्हटली की कुणी कपात नळाचं पाणी ओततं, कुणी निलगिरीचे थेंब टाकतं. जंतू असोत की तेल, दोन्ही थेट फुफ्फुसात. कपात जायचं ते डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि त्यांनी सांगितलं असेल तर निर्जंतुक सलाईन.

‘एकदा लावलं की सवय लागते’ ही दुसरी भीती. सवय मशीनची लागत नाही. सॅल्ब्युटामॉल काही मिनिटांत नळ्या सैल करतं, पण चार-सहा तासांत त्याचा जोर ओसरतो. ते वारंवार लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. सूज उतरवणारं ब्युडेसोनाइड वेगळं. त्याने लगेच मोकळं वाटत नाही, म्हणून लोक ते परस्पर बंद करतात आणि महिन्याभराने पुन्हा धाप. ते घेतल्यावर चूळ भरायची, मास्कखालचा चेहरा पुसायचा. नाहीतर तोंडात बुरशी धरते.

इनहेलरच्या पंपापेक्षा मशीन भारी? कपात सॅल्ब्युटामॉल सहसा २.५ मिलिग्रॅम, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंचवीस पट फरक. मात्र मशीनमधलं बरंचसं औषध हवेत उडतं, कपाला चिकटून राहतं. सौम्य ते मध्यम झटक्यात स्पेसरची नळी लावून नीट घेतलेले पंपाचे फवारे तितकेच काम करतात, तेही वीज नसताना.

पोर रडलं की औषध जास्त आत जातं, हे तर साफ उलटं. रडताना श्वास सोडणं लांबतं, आत घेणं झटक्यात होतं. औषध घशातच अडतं. मास्क लांब धरला तर ते खोलीभर पसरतं. आमच्याकडे मास्कला स्केचपेनने सोंड काढली, तेव्हा कुठे तो तोंडावर टिकला.

ओठ निळसर दिसले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर मशीन लावून बघत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि कप. ‘औषधच तर होतं’ म्हणून तो तसाच डब्यात बंद होतो. दर वेळी सुटा करून धुवा, स्वच्छ कापडावर उघडा वाळवा.