थर चढवताना उतरतो तो रंग

चेन्नईचं तापमान म्हणून वर्तमानपत्रांत दोन आकडे येतात. एक मीनंबाक्कमच्या विमानतळावरचा, दुसरा नुंगंबाक्कममधल्या कॉलेज रोडवरच्या हवामान केंद्रातला. ईस्ट इंडिया कंपनीनं १७९२मध्ये मद्रासची वेधशाळा उभारली ती याच आवारात. ३१ मे २००३ रोजी इथं ४५ अंश सेल्सिअसची नोंद झाली, आणि तीही सावलीत, वारा खेळता ठेवलेल्या पेटीत. उघड्यावर उभ्या केलेल्या काळ्या गाडीचं बॉनेट एरवीच्या मे महिन्यातही सत्तर अंशांच्या पुढं जातं. शहर १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यानंतर सूर्य थेट डोक्यावर येतो. समुद्र चार-पाच किलोमीटरवर आहे, म्हणून हवा दमट आणि खारी. वर्षाचा सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस मुंबई-पुण्यासारखा जूनमध्ये सुरू होत नाही. त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. गाडीच्या रंगाला जे जे सोसत नाही ते सगळं इथं एकत्र नांदतं, आणि याच धास्तीवर गाडीला सिरॅमिकचे तीन थर, पाच थर चढवण्याची योजना विकली जाते. धास्ती खरी आहे. तिच्यावर सुचवलेला उपाय मात्र तपासून घ्यावा असा आहे, कारण एक मायक्रॉनचा थर चढवण्याआधी गाडीवरून बहुतेकदा दोन-तीन मायक्रॉनचा थर उतरवलेला असतो, आणि उतरलेला थर चढलेल्यापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

गाडीचा रंग म्हणजे काय, इथून सुरुवात केली तर हे लक्षात येईल. चेन्नईच्या पश्चिमेला इरुंगट्टुकोट्टई आणि ओरगडम इथं गाड्यांचे मोठे कारखाने आहेत. अशा कारखान्यात पत्र्याचा सांगाडा आधी फॉस्फेटच्या द्रावणात आणि मग विजेचा भार दिलेल्या रंगाच्या हौदात बुडवून काढतात. गंज अडवतो तो हा पहिला, सुमारे वीस मायक्रॉनचा थर. त्यावर अस्तराचा थर, त्यावर रंगछटेचा पंधराएक मायक्रॉनचा थर, आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अख्खा रंग दोन केसांच्या जाडीत मावतो. यातला क्लिअर कोट हाच खरा संरक्षक लेप. तो १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेला असतो, आणि अतिनील किरण शोषणारी तसंच ऊन लागून सुरू होणारी झीज थोपवणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात. प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात हा पारदर्शक थर नव्हता. तेव्हा पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंगच उतरायचा, आणि काही वर्षांनी पुन्हा ‘ड्युको’ मारून घेण्यावाचून गत्यंतर नसायचं. आपल्या मनात रुजलेली ‘रंगावर काहीतरी चढवलं पाहिजे’ ही समजूत त्या काळातली आहे. तेव्हा ती बरोबर होती. आज ते काहीतरी कारखान्यातूनच चढून येतं.

आता दुकानात काय होतं ते पाहू. गाडी धुतात, चिकणमातीसारख्या लगद्यानं तिच्यावरचे कण ओढून काढतात, आणि मग फिरत्या यंत्रानं रबिंग-पॉलिश करतात. धुण्या-पुसण्यातून पडलेल्या बारीक गोल ओरखड्यांची कड घासून सपाट करणं हा त्याचा हेतू. हलक्या हातानं केलं तर जेमतेम एक मायक्रॉन जातो. खडबडीत कंपाउंड आणि लोकरी पॅड वापरलं तर तीन-चार सहज जातात. त्यानंतर अल्कोहोलनं पुसून बाटलीतला द्रव दोन-दोन फुटांच्या चौकोनात लावतात आणि वेळेत पुसून काढतात. सिरॅमिक म्हणतात तो हा द्रव म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळ्या बांधणारी रसायनं. हवेतली वाफ लागली की तो घट्ट होतो आणि उरतो एक-दोन मायक्रॉनचा, काचेच्या जातीचा म्हणजे सिलिकाचा पापुद्रा. गाडी आरशासारखी दिसते. ग्राहक खूश होतो, आणि श्रेय जातं बाटलीला. प्रत्यक्षात ही चमक घासण्याची असते. क्लिअर कोटचा अपवर्तनांक दीडच्या जवळपास आणि सिलिकाचा १.४६, दोन्ही इतके जवळ की वरचा पातळ पापुद्रा प्रकाशाच्या वाटेत सांगण्यासारखा फरक करत नाही. ‘तिसऱ्या थरानं खोली येते’ असं हौशी मंडळी शपथेवर सांगतात. पहिल्या थरानं उरलेल्या बारीक खाचा भरल्या आणि त्यामुळे चमक किंचित वाढली, इथवर ते मान्य करता येतं. भरायच्या खाचाच संपल्यावर पुढचे थर काय भरणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो: क्लिअर कोट चाळीस मायक्रॉनचा, त्यातले तीन गेले तर बिघडलं काय? एकदा गेले तर फारसं नाही. मुश्किल अशी की अनेक वॉरंटीपत्रांत दरवर्षी पैसे भरून ‘मेंटेनन्स’ करून घेण्याची अट असते, आणि त्यात पुन्हा यंत्र फिरतं. आयुष्यभरात एकूण आठ-दहा मायक्रॉनांपलीकडे क्लिअर कोट घासू नये असं रंगकामातले जाणकार मानतात. तीन मायक्रॉनांच्या हिशेबानं ही मर्यादा तीन-चार वर्षांत गाठली जाते. किरण शोषण्याचं काम जाडीवर अवलंबून असतं. थर पातळ झाला की खालच्या रंगछटेपर्यंत जास्त ऊन पोचतं, आणि मग छतावर आणि बॉनेटवर ते पांढरट पोपडे सुटू लागतात, ज्यांना कुठलंच पॉलिश चालत नाही. लेपातच अतिनील संरक्षण आहे, असं यावर सांगितलं जातं. एक मायक्रॉनच्या पापुद्र्यात शोषक रसायन कितीही घातलं तरी चाळीस मायक्रॉनच्या थराशी त्याची बरोबरी होणं अवघड, कारण किरणाला त्यातून जावं लागणारं अंतरच चाळिसावा हिस्सा आहे. राहिली शुद्ध सिलिका. ती तर या किरणांना अडवतच नाही. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात अतिनील दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते ती याचसाठी.

‘९एच कठीणपणा’ हा असाच एक दबदबा. हा आकडा पेन्सिल-चाचणीचा आहे: वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात आणि दाबानं ओढायच्या आणि कुठल्या पेन्सिलीनं पृष्ठभाग बिघडतो ते बघायचं. ९एच ही त्या मालिकेतली सर्वांत टणक पेन्सिल, पण तिचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ, खनिजांच्या मोजपट्टीवर सातचा कठीणपणा. शिवाय लेप मऊ क्लिअर कोटवर बसलेला. कण दाबला गेला की पापुद्र्यासकट खालचा थर चेपतो. जाडी मोजायचं यंत्र लावून ‘बघा, वाढली’ असं दाखवणाराही भेटतो. त्या यंत्राची अचूकता एक ते तीन मायक्रॉनांच्या मागेपुढे असते, आणि एकाच दारावर दोन ठिकाणच्या रंगात त्याहून जास्त फरक असतो. एका मायक्रॉनची वाढ त्यात खात्रीनं दिसत नाही. याआधी टेफ्लॉनची लाट येऊन गेलीच आहे. टेफ्लॉन पृष्ठभागावर पक्कं बसायला तीनशे अंशांहून जास्त उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत गाडीचा रंग जळून जाईल. तरीही शोरूममध्ये नव्या गाडीच्या बिलात ती ओळ वर्षानुवर्षं छापली गेली.

थरांवर थर हा प्रकार मुळातच निरर्थक आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याला नियम आहेत आणि ते रसायनांनी ठरवलेले आहेत. ब्राझीलच्या ईशान्येतल्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना वितळतं. चेन्नईच्या मे महिन्यातलं बॉनेट त्याच्या फारच जवळ जातं, म्हणून इथं निव्वळ मेण महिनाभरही टिकलं तर पुष्कळ. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट काही महिने टिकतं, पण त्याला कोरा क्लिअर कोट लागतो. खाली मेण असेल तर ते धरत नाही. म्हणून सीलंट आधी, ते घट्ट व्हायला एक दिवस, आणि मेण वरून. उलटा क्रम फुकट जातो. मेणावर मेण चढवलं तर दुसऱ्या हातातला द्रावक खालचा हात पुन्हा विरघळवतो. त्यामुळे दुसरा हात राहून गेलेल्या जागा भरतो, जाडी वाढवत नाही. सिरॅमिकची गंमत आणखी वेगळी. पहिला थर पुरता घट्ट झाला की तो पाण्याला जसा झिडकारतो तसा स्वतःच्या दुसऱ्या थरालाही झिडकारतो. म्हणून दुसरा हात तासा-दोन तासांत, पहिला अर्धवट असतानाच द्यावा लागतो. सहा महिन्यांनी गाडी आणून ‘वर आणखी एक थर’ चढवायचा तर आधी जुना घासावा लागतो, आणि मायक्रॉनांचा हिशेब पुन्हा सुरू. चेन्नईच्या दमट हवेत तर द्रव झपाट्यानं आवळतो. मोठा चौकोन घेतला की पुसण्याआधीच डाग बसतो, आणि तो काढायला पुन्हा यंत्रच.

मग लेप लावून मिळतं काय? निसरडेपणा, आणि तो बारीक गोष्ट नाही. शहरी गाडीचा रंग उन्हानं जितका बिघडतो त्याहून जास्त तो रोज पहाटे एका बादलीत आणि एकाच फडक्यानं दहा गाड्या पुसल्या जाण्यानं बिघडतो, मग ती नुंगंबाक्कमची सोसायटी असो की दादरची. धूळ कोरडी पुसली की प्रत्येक कण ओरखडा काढतो, आणि तो ओरखडा घालवायला मग पॉलिश. निसरड्या पृष्ठभागावर धूळ कमी चिकटते, पाण्याच्या हलक्या धारेनंही बरीचशी सुटते, फडक्याला जोर लागत नाही. २०१९च्या जूनमध्ये पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चेन्नईला पाणी पुरवणारे चारही तलाव आटले होते आणि शहर टँकरवर जगत होतं. अशा गावात कमी पाण्यात धुता येणारी गाडी हे लेपाच्या बाजूचं सर्वांत भक्कम कारण आहे. त्यासाठी एक थर पुरतो. सीलंटसुद्धा पुरतं, आणि ते हातानं, यंत्राशिवाय लावता येतं.

लेपावर जमणारे पाण्याचे मोती मात्र बेतानं कौतुक करण्याजोगे आहेत. ते पाहून लोक लेप शाबूत असल्याची खात्री करून घेतात. थेंब भिंगासारखा वागून रंग जाळतो ही भीती फोल आहे, कारण त्याचा केंद्रबिंदू रंगाच्या पातळ थराच्या बराच खाली पडतो. पण बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी थेंबाथेंबानं उन्हात सुकलं की प्रत्येक थेंबातला चुना आणि सिलिका एका वर्तुळात जमा होतात. लेपाची सिलिका आणि पाण्यातली सिलिका एकाच कुळातल्या, म्हणून हे डाग लेपावर अधिकच हटवादी होतात. लेप असलेली गाडी धुऊन कोरडी करावीच लागते, नसलेलीपेक्षा जास्त काळजीनं. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच. रस्त्यावर झाडं आहेत, झाडांवर कावळे आहेत. इराणमधल्या संशोधकांनी २००९च्या सुमारास क्लिअर कोटवर केलेल्या प्रयोगांत विष्ठेतली पाचक विकरं रंगातल्या रासायनिक बंधांचं विघटन करतात असं दिसलं. तापलेल्या पत्र्यावर तर ते अधिकच लवकर घडतं. लेपामुळे थोडा जास्त वेळ हाताशी मिळतो. दुपारभर डाग तसाच राहिला तर खळगा लेपासकट पडतो, म्हणून ओलं फडकं गाडीत ठेवणं हा सिरॅमिकपेक्षा स्वस्त आणि जास्त खात्रीचा इलाज.

रंग इतका नाजूक तर गाडीकंपन्या काय करत होत्या, असंही कोणी विचारेल. त्यांनी बरंच केलं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल बंदरात, दमट उष्ण हवेत उभ्या राहिलेल्या नव्या गाड्यांवर आम्लपावसानं खळगे पडू लागले, तेव्हा रंगकंपन्यांनी तिथंच चाचणीची मैदानं मांडली आणि क्लिअर कोटची रसायनंच बदलली. आजच्या गाडीवरचा थर त्या सुधारणांमधून आलेला आहे. दुकानातली बाटली विकत घेताना आपण त्या कामावर भर घालतो आहोत की ते घासून काढतो आहोत, एवढं तरी विचारावं. नव्याकोऱ्या गाडीला यंत्र लावूच न देता लेप मागता येतो. दुकानदार कुरकुरतो, कारण मग ‘आधी आणि नंतर’ असा फोटो काढता येत नाही.

जाडीनंच काम होतं अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. दीडशे ते दोनशे मायक्रॉनची ही फिल्म उडालेला खडा खरोखर झेलते. पण खडे उडतात ते वेगात. नुंगंबाक्कम हाय रोडच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीला तिची गरज क्वचितच. श्रीपेरुंबुदूरकडच्या महामार्गावर खडीच्या ट्रकांमागून रोज जाणाऱ्या गाडीला पुढचा बंपर आणि बॉनेट झाकून घेणं परवडतं, पूर्ण गाडी झाकायचं बिल मात्र लाखाच्या पलीकडे जाऊ शकतं. अपघातानंतर लांबी भरून पुन्हा रंगवलेल्या दारावर फिल्म लावण्याआधी चौकशी करावी. गॅरेजमधला रंग साठएक अंशांतच वाळवलेला असतो, आणि काही वर्षांनी फिल्म काढताना तो तिच्याबरोबर सोलून येऊ शकतो.