लाकडी कुळवाचे सांधे पक्के कसे बसवावेत?

पावसानंतर वापसा थोडेच दिवस टिकतो. नेमक्या त्याच वेळी कुळवाचे जानोळे दिंडात हलू लागले तर पाळी खोळंबते, तण माजते आणि बैलांनाही नाहक ओढ बसते. म्हणून नवा कुळव (काही भागांत वखर) उन्हाळ्यातच करून घ्यावा. मापे आपल्या भागातील चांगल्या चालणाऱ्या जुन्या कुळवावरून घ्यावीत.

लाकडाची निवड : दिंड व जानोळ्यांसाठी बाभळीचे पक्के लाकूड वापरावे. बाहेरचे पांढरे लाकूड किडे पोखरतात, ते काढून टाकावे. ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास किडीचा उपद्रव कमी होतो. नंतर ते सावलीत पूर्ण वाळवावेत. ओल्या लाकडाचे कुसू वाळल्यावर आकसते व सांधा ढिला पडतो.

आकार देणे : जानोळे व रुमणे यांसाठी मुळातच बाक असलेली फांदी निवडावी. सरळ लाकूड कापून बाक काढल्यास रेषा तुटतात आणि भाग तेथेच मोडतो. वाकसाने तासताना रेषांच्या दिशेनेच तासावे.

सांधा करणे : दिंडावर भोकांच्या जागा वर व खाली दोन्ही बाजूंनी गुण्याने आखाव्यात. किकऱ्याने अर्धे भोक एका बाजूने व अर्धे दुसऱ्या बाजूने पाडावे, म्हणजे कडा फुटत नाहीत. दोन्ही भोकांचा कल सारखा असावा. नाहीतर फास एका बाजूला जास्त खोल जाते. कुसू रेघेच्या किंचित बाहेरून कापून पटाशीने बेताबेताने तासावे. ते मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी आत जावे. जानोळ्याचा खांदा दिंडाला सर्व बाजूंनी टेकला पाहिजे, कारण ओढीचा जोर खांद्यावरच येतो.

पाचर : कुसवाच्या वरच्या टोकाला दिंडाच्या लांबीशी काटकोनात चीर घेऊन वाळलेली पाचर ठोकावी. त्यामुळे दाब दिंडाच्या लांबीच्या दिशेने पडतो. चीर लांबीला समांतर घेतल्यास तीच पाचर दिंड उभे फोडते.

शेवटी दांड्या बसवून, त्यांच्या पुढच्या टोकांच्या मध्यापासून दिंडाच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर दोरीने मोजावे. ते सारखे भरले तरच कुळव सरळ चालतो. हंगाम संपल्यावर माती धुऊन, लाकडाला जवसाचे तेल लावून कुळव सावलीत ठेवावा. पुढील पाळीपूर्वी पाचरी तपासून पुन्हा ठोकून घ्याव्यात.