पावसाआधी छप्पर



अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मुख्य गरजा आहेत. निवाऱ्यात सगळ्यात जास्त मार कोण खाते? छप्पर! वरून ऊन, पाऊस, वारा आणि खालून चुलीचा धूर. म्हणून मी आज छपराची माहिती देत आहे.

पाणी किती पडते?

आपल्या मुळशी तालुक्यात पाऊस भारी असतो. ताम्हिणीला तर फारच. जुलै 2024 मध्ये तिथे 24 तासांत 556 मिलीमीटर पाऊस झाला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. मी गणित केले. 50 चौरस मीटर जागेवरच्या घरावर एवढा पाऊस पडला तर 27,800 लिटर पाणी होईल. 10 लिटरच्या कळशीने मोजले तर 2,780 कळश्या! एवढे पाणी छपरावर थांबले तर घर राहील का? म्हणून आपली छपरे उतरती असतात.

छपराचे भाग

मधोमध सगळ्यात उंच लाकूड असते ते आढे. आढ्यापासून खाली येतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकतात त्या रिपा. रिपांवर कौले बसतात. दोन्ही बाजूंच्या उतारांना पाखे म्हणतात. भिंतीच्या बाहेर आलेली कड म्हणजे वळचण. तिथून पागोळ्या गळतात.

चपट्या कौलांना मंगलोरी कौले म्हणतात, कारण मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली त्यांचा कारखाना काढला होता. या कौलाला खालून एक कान असतो. तो रिपेला अडकतो, म्हणून कौल घसरत नाही.

कौले नेहमी वळचणीपासून वर आढ्याकडे लावत जातात. वरचे कौल खालच्या कौलावर चढते. मग पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरते, आत येत नाही.

गळती कशी शोधावी?

उन्हाळ्यात भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात उभे राहा. जिथून कवडसा येतो तिथे भोक आहे. तिथे खूण करा. पण कधी कधी पाणी वरच्या फटीतून शिरते, वाशावरून ओघळत येते आणि लांब दुसरीकडेच ठिपकते. म्हणून ठिपका पडतो त्याच्या वरच्या बाजूलाही बघावे. आपल्याकडे वानरे उड्या मारून कौले फोडतात. आंब्याचा पाला साचूनही पाणी अडते.

बाबा म्हणतात, "आधी वासे बघ, मग कौलं." वाशावर काठीने टकटक करायचे. पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे. वासा कुजका असेल तर नवी कौले घालून काय उपयोग? ओझ्याने तो जास्तच वाकणार.

वारा छप्पर कसे उचलतो?

मला वाटायचे, वारा छपराला ढकलतो. पण गुरुजींनी एक प्रयोग दाखवला. तुम्हीही करा. कागदाची पट्टी ओठाखाली धरा आणि तिच्या वरून जोरात फुंका. पट्टी खाली न जाता वर उचलते! जोराचा वारा छपरावरून जातो तेव्हा वरचा हवेचा दाब कमी होतो. आतली हवा छपराला वर ढकलते. वाऱ्याकडचे दार उघडे असले तर आणखी हवा आत भरते. म्हणून वादळात वाऱ्याकडची दारे-खिडक्या घट्ट लावावीत.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. मग ते घाट चढून आपल्या पुणे जिल्ह्यात आले. मी तेव्हा लहान होते. आजी सांगते, "आपल्या पडवीचे पत्रे पार बांधापलीकडं गेले. बियाण्याचं भात भिजलं. पेरायचं काय, म्हणून तुझा बाप डोक्याला हात लावून बसला." लॉकडाऊनमुळे पत्रेही लवकर मिळाले नाहीत. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागते. वादळ त्याच्याही आधी आले. म्हणून शाकारणी मे महिन्यातच उरकावी.

पत्रा घालायचा असेल तर

1. पत्र्यावर नुसते दगड ठेवू नयेत. वादळात दगडही खाली येतात. पत्रा हुकाने खालच्या लोखंडाला किंवा लाकडाला आवळावा.
2. हुक पत्र्याच्या उंच नळीवर मारावा, खोलगट भागात नाही. खाली रबराचा वायसर घालावा.
3. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिमेचा पत्रा पूर्वेच्या पत्र्यावर चढवावा. मग वारा जोडात शिरत नाही.
4. वळचणीजवळ आणि कडेला हुक जास्त मारावेत. वारा तिथूनच उचलतो.
5. जुना सिमेंटचा पत्रा फोडू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ छातीला वाईट.

आमच्या घरी यंदा बाबा म्हणत होते, सगळीकडे पत्राच घालू, दरवर्षीची कटकट नको. आजी म्हणाली, "पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजतं, पावसात बोलणं ऐकू येत नाही. कौल फुटलं तर एक बदलावं लागतं, पत्रा गेला तर सगळंच उघडं." शेवटी घरावर कौले ठेवली आणि पडवीला हुक मारून पत्रे घातले. वळचणीची आणि आढ्याजवळची कौले तारेने बांधली. मी खाली उभी राहून कौले देत होते.

सांभाळून!

ओल्या छपरावर चढू नये. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो फुटून माणूस आत पडतो. फळी टाकूनच चालावे. विजेची तार जवळ असेल तर आधी वायरमनला सांगावे. वादळाने नुकसान झाले तर आधी फोटो काढावेत आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवावे.

माझी विनंती

आजी म्हणते, पूर्वी शाकारणीला इर्जिक असायची. सगळी वाडी एका घरावर चढायची आणि दुपारी पिठलं-भाकरी व्हायची. आता पुष्कळांचे काका-दादा पिरंगुटला कंपनीत किंवा पुण्याला जातात. काही घरांत नुसत्या म्हाताऱ्या आजी आहेत. त्यांच्या घरावर कोण चढणार? पालकांनो, मे महिन्यातला एक रविवार अशा घरांसाठी द्या. मोठ्यांनी वर चढावे. आम्ही मुले खालून कौले देऊ, पाला झाडू आणि पाणी आणून देऊ.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, माले