छंदांची शाळा : भाग ९
वहीत उतरणारं आकाश

जेसोरच्या कलेक्टर कचेरीतल्या खजिन्यात राधागोविंद चंद्र नावाचे एक कारकून होते. दिवसभर सरकारी पैशाचा हिशेब जुळवायचा आणि संध्याकाळी घरी परतायचं, असा त्यांचा दिनक्रम. जेसोर आज बांगलादेशात आहे. तेव्हा ते अखंड बंगालमधलं एक जिल्ह्याचं ठिकाण होतं. मॅट्रिकच्या परीक्षेत चंद्र तीनदा नापास झाले होते. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, मोठ्या शहराचा शेजार नाही. पण रात्री आकाशाकडे पाहायची सवय होती. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला आणि त्यांनी तो रात्रीमागून रात्र पाहिला. पुढे पदरमोड करून त्यांनी इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली.

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात जिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नसे तिथे एक झगझगीत तारा त्यांच्या नजरेस पडला. विसाव्या शतकातला सर्वांत तेजस्वी नवतारा तो हाच. जगात इतर अनेकांनी तो स्वतंत्रपणे हेरला, पण जेसोरच्या या कारकुनालाही तो कुणी न सांगता दिसला होता. कारण सोपं आहे. आकाशाचा तो तुकडा त्यांना पाठ होता.

त्यानंतर चंद्रांचा संबंध अमेरिकेतल्या एका संस्थेशी आला. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, म्हणजेच एएव्हीएसओ. १९११ साली तिची स्थापना केली ती विल्यम टायलर ऑलकॉट यांनी, आणि तेही व्यवसायाने वकील. या संस्थेसाठी चंद्रांनी सुमारे ४९,७०० निरीक्षणं नोंदवली. त्यांचं काम पाहून संस्थेने चार्ल्स एल्मर या सदस्याची सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे थेट जेसोरला धाडली. १९२८ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना मानाची पदवी दिली. फाळणीनंतर ते भारतात आले, पश्चिम बंगालमधल्या बारासातला राहिले आणि १९५४ पर्यंत नोंदी करत राहिले. एल्मर यांची ती दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आणि तिथून तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत गेली.

मागच्या भागात सुलेखनाचा विचार झाला. हाताला वळण लावणारा तो छंद. या वेळचा छंद नजरेला वळण लावतो. त्याचं नाव आहे रूपविकारी ताऱ्यांचं निरीक्षण.

आकाशातले सगळेच तारे एकसारखे तेवत नाहीत. काहींचं तेज ठरावीक काळाने कमीजास्त होतं, काहींचं अवचित. काही तारे खरोखरच फुगतात आणि आकसतात. काहींभोवती दुसरा मंद तारा फिरतो आणि ठरलेल्या वेळी आड येऊन प्रकाश अडवतो. तिमिंगल तारकासमूहातला मायरा सुमारे ३३२ दिवसांत एक आवर्तन पुरं करतो. ऐन भरात असताना तो नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो आणि उतरणीला लागला की दुर्बिणीशिवाय सापडत नाही. १५९६ मध्ये त्याचा हा खेळ पहिल्यांदा टिपला तो डेव्हिड फाब्रिसियस या धर्मोपदेशकाने.

असे तारे हजारोंनी आहेत. मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणींचा वेळ मोजका असतो, आणि एका ताऱ्याकडे वर्षानुवर्षं बघत बसणं त्यांना परवडत नाही. हौशी माणसाला परवडतं. शिवाय माणसाचा डोळा दोन ताऱ्यांच्या तेजातला फरक बराच नेमका ओळखतो. सरावलेला निरीक्षक एका प्रतीच्या दहाव्या भागापर्यंत अंदाज बांधू शकतो. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. शास्त्रज्ञांना हौशी माणसांची खरीखुरी गरज असावी अशी क्षेत्रं फार थोडी उरली आहेत, आणि हे त्यांतलं एक आहे.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? समजा, मृग नक्षत्रातला लालसर काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, बघायचा आहे. त्याच्या आसपास तेज न बदलणारे, प्रत माहीत असलेले दोन तारे निवडायचे, एक त्याच्याहून उजळ आणि एक मंद. या कामी प्रश्वा उपयोगी पडतो, त्याची प्रत ०.४. रोहिणीची ०.९ च्या आसपास, पुनर्वसूतल्या पोलक्सची १.१. आता नजर काक्षीवरून प्रश्वाकडे, तिथून रोहिणीकडे, पुन्हा काक्षीकडे. तो दोघांच्या बरोबर मध्ये आहे का? की रोहिणीकडे झुकतोय? मध्ये वाटला तर ०.६ किंवा ०.७. आकडा ठरला की लगेच वहीत लिहायचा. सोबत तारीख, वेळ, तुलनेला घेतलेले तारे, आणि आकाश स्वच्छ होतं की धूसर, तेही.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात खाचखळगे आहेत. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं तर तो हळूहळू जास्त तेजस्वी भासू लागतो, म्हणून झरकन बघून नजर काढून घ्यायची. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरामुळे मंद दिसतो, म्हणून तुलनेचे तारे शक्यतो तेवढ्याच उंचीवरचे हवेत. उजेडातून बाहेर आल्यावर डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात, आणि तेवढ्या वेळात मोबाइलचा पडदा एकदा उजळला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या छंदातला सर्वांत कठीण नियम मात्र डोळ्याचा नाही, मनाचा आहे. नोंद करण्याआधी मागची नोंद पाहायची नाही. परवा ०.६ लिहिलं होतं हे आठवलं की आजही तारा ०.६ चाच दिसू लागतो. इतरांचे आकडे आधी पाहिले, तर आपला आकडा गुपचूप त्यांच्याकडे सरकतो. आणि तारा आता मंद होणार असं कुठे वाचलेलं असलं, तर तो मंद दिसल्याशिवाय राहत नाही. दिसलं ते लिहायचं. दिसायला हवं होतं ते लिहायचं नाही. शंका आली तर शंका आहे असंही लिहायचं. वर्षभर हे केलेल्या माणसाची स्वतःशी बोलण्याची रीत बदलत असणार, असं मानायला जागा आहे. आपण रागावलो होतो की थकलो होतो, काम खरंच झालं की झाल्यासारखं वाटलं, या प्रश्नांपुढेही तीच शिस्त उपयोगी पडते.

लेस्ली पेल्टियर यांचं उदाहरण या बाबतीत फार मोलाचं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेल्फस गावाजवळच्या शेतावर ते वाढले. दहावीनंतर शाळा सुटली. दुर्बीण हवी होती, तिची किंमत १८ डॉलर. त्यांनी स्ट्रॉबेरी तोडायचं काम धरलं. एका क्वार्टला, म्हणजे साधारण लिटरभर फळांना, दोन सेंट. असे ९०० क्वार्ट तोडून दोन इंची दुर्बीण घरी आली. मार्च १९१८ मध्ये त्यांनी एएव्हीएसओकडे पहिला अहवाल पाठवला आणि १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत एकही महिना चुकवला नाही. एकूण नोंदी सुमारे १,३२,०००. या नजरेला बारा धूमकेतूही सापडले. हार्वर्डच्या हार्लो शॅप्ली यांनी त्यांना जगातला सर्वश्रेष्ठ अव्यावसायिक खगोल अभ्यासक म्हटलं.

तरीही पेल्टियर लक्षात राहतात ते एका हुकलेल्या रात्रीमुळे. उत्तर मुकुट तारकासमूहात एक तारा आहे, टी कोरोनी बोरिआलिस. १८६६ मध्ये तो एकाएकी उजळला होता. पुन्हा उजळेल या आशेने पेल्टियर त्याच्यावर पंचवीस वर्षं नजर ठेवून होते. फेब्रुवारी १९४६ मधल्या एका पहाटे अडीचला ते उठले, सर्दीची कणकण वाटली आणि पुन्हा झोपायला गेले. नेमका त्याच रात्री तारा उजळला. आपल्या आत्मकथनात त्यांनी ही गोष्ट न लपवता सांगितली आहे. बारा धूमकेतू शोधलेल्या माणसाने असा प्रसंग गाळला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण वर्षानुवर्षं वहीत खरं तेच लिहिलेल्या हाताला खोटं लिहायची सवय उरत नाही. हा तारा साधारण ऐंशी वर्षांच्या अंतराने उजळतो, त्यामुळे जगभरच्या हौशी निरीक्षकांचं लक्ष सध्या तिकडेच आहे.

इंग्लंडमधल्या यॉर्कचा जॉन गुडरिक तर अगदी कोवळ्या वयाचा. बालपणापासून त्याला ऐकू येत नसे. ययाती तारकासमूहातल्या अल्गोलचं तेज ठरावीक वेळाने उतरतं, हे त्याने १७८२-८३ मध्ये शेजारी एडवर्ड पिगट यांच्या सोबतीने टिपलं आणि एखादी काळी वस्तू आड येत असावी असं कारणही सुचवलं. त्याबद्दल रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक त्याला मिळालं तेव्हा तो विशीतही नव्हता. एकविसाव्या वर्षी तो गेला.

या तिघांनाही कुणी व्यक्तिमत्त्व विकासाचा कार्यक्रम आखून दिला नव्हता. त्यांना तारा हवा होता. स्वतःला सुधारायचं म्हणून धरलेला छंद लवकर सुटतो, कारण रोज रात्री सुधारणा दिसत नाही. तारा मात्र दिसतो. आणि आपल्या नोंदीची कुठेतरी कुणीतरी वाट पाहतंय ही जाणीव माणसाला थंडीत गच्चीवर नेते. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला, तेव्हा त्याच्या उताराचा आलेख रेखाटण्यात हौशी निरीक्षकांच्या नोंदींचा मोठा वाटा होता. ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ झाली आणि तिने प्रकाश अडवला, असा उलगडा नंतर झाला.

महाराष्ट्रात या छंदाला सोबत मिळणं अवघड नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. हौशी खगोल अभ्यासकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम अनेकांना माहीत आहेत. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आकाश बंद, ही खरी अडचण. जुन्या नोंदींचे आलेख काढायला आणि नकाशे पाठ करायला तो काळ बरा. शहरातल्या उजेडाचा बाऊ करायचं कारण नाही. काक्षी, प्रश्वा, रोहिणी हे तिन्ही पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून दिसतात, आणि त्यांच्यासाठी दुर्बीण लागतच नाही.

सुरुवात करायला डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. एक साधी दोनशेपानी वही आणि लाल कागद लावलेली बॅटरी घ्यावी, म्हणजे लिहिताना डोळ्यांचा अंधार मोडत नाही. आठवड्यातून दोनदा काक्षी पुरे. तो सावकाश बदलतो, रोज पाहून काही हाती लागत नाही. महिना-दोन महिन्यांनी हात बसला की अल्गोल घ्यावा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि सुमारे दहा तासांत पूर्ववत होतो. ग्रहणाचा मध्य मध्यरात्रीच्या जवळ येणारी रात्र निवडली, तर दर वीस मिनिटांनी एक नोंद करत तारा उतरताना आणि चढताना एकाच बैठकीत पाहता येतो. एएव्हीएसओकडे नोंदी पाठवायला नाव नोंदवून निरीक्षकाचं सांकेतिक नाव घ्यावं लागतं. वेळ मात्र भारतीय नाही, जागतिक प्रमाणवेळ लिहायची, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे दोनला केलेल्या नोंदीवर त्यामुळे आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि नवशिक्यांची पहिली चूक बहुधा इथेच होते.