पांढरपेशी गुन्हेगारी : चोर ओळखायला आपण कुठे चुकतो?

वस्तीत मोबाईल चोरणारा पोरगा सापडला तर पोलीस येण्याआधी जमावच त्याला मारतो. मात्र हजारो लोकांची ठेव बुडवणाऱ्या संचालकाला आपण 'साहेब' म्हणतो, कार्यक्रमाला बोलावतो, हार घालतो. असे का होते, हे समजून घेणे आपल्या तरुणांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी गरजेचे आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये 'पांढरपेशी गुन्हेगारी' ही संकल्पना मांडली. प्रतिष्ठित, उच्च सामाजिक दर्जाच्या व्यक्तीने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा तिचा अर्थ. तोपर्यंत गरिबी आणि मोडकी कुटुंबे हीच गुन्ह्याची मुळे मानली जात. सदरलँड यांनी हा समज खोडून काढला. १९४९ च्या त्यांच्या पुस्तकातून कंपन्यांची नावे मात्र वगळावी लागली. नावांसह संपूर्ण आवृत्ती निघाली ती १९८३ मध्ये! प्रतिष्ठेचे कवच किती जाड असते, ते यावरून दिसते.

आपल्याकडचे उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसी बँकेचे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७० टक्के रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. ती लपवण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट कर्जखाती दाखवल्याचा आरोप तक्रारीत होता. रिक्षाचालक, पेन्शनर, छोटे दुकानदार रस्त्यावर आले. जानेवारी २०२२ मध्ये बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले, पण मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला वर्षानुवर्षांचे हप्ते आले.

हा प्रश्न आपल्या शिक्षणापर्यंतही पोहोचतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्ती वाटपातील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी राज्य सरकारला २०१६ मध्ये विशेष पथक नेमावे लागले. शिष्यवृत्तीचा पैसा संस्थाचालकाच्या खिशात गेला की एखाद्या मुलीचे कॉलेज सुटते. तिथे रक्त सांडत नाही, म्हणून आपल्याला तो गुन्हा वाटत नाही.

समाज सौम्य का राहतो? एक तर नुकसान हजारो जणांत विभागले जाते, त्यामुळे राग एकवटत नाही. दुसरे, व्यवहार कागदपत्रांत दडलेला असतो. तिसरे म्हणजे भाषा. गरिबाने केली तर 'चोरी', मोठ्याने केला तर 'अनियमितता'. वर फसलेल्यालाच 'लोभ नडला' असे ऐकवले जाते, म्हणून तो तक्रार करायला लाजतो.

तुरुंगात चित्र उलटे दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत मात्र दर पाच कैद्यांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा असतो. आपले लोक जास्त गुन्हे करतात, असा याचा अर्थ नाही. कायद्याची नजर कुणावर आधी पडते आणि जामीन, वकील कुणाला परवडतो, हा खरा प्रश्न आहे.

मग आपण काय करावे? महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली फसवणूक करणाऱ्या वित्तीय संस्थेची मालमत्ता जप्त करता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. बँक बुडाली तर विम्याचे संरक्षण २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. एकट्याने तक्रार करण्यापेक्षा फसलेल्यांची यादी करून, पावत्या जोडून, एकत्र पोलिसांकडे जावे. शिष्यवृत्तीचा हिशेब माहिती अधिकारात मागावा.

आणि सुरुवात आपल्याच मंडळांपासून करू या. जयंतीच्या वर्गणीचा, बचत गटाचा, संस्थेच्या निधीचा हिशेब दरवर्षी फलकावर लावू या. देणगीदाराचा सत्कार करण्याआधी पैसा कुठून आला, हे विचारू या. आपल्या माणसाला हिशेब विचारणे म्हणजे चळवळीशी गद्दारी नव्हे. न विचारणे मात्र गरिबाच्या घामाशी गद्दारी आहे.