बेल आइलचं रान

डेट्रॉइट नदीच्या पात्रात, अलीकडे अमेरिका आणि पलीकडे कॅनडा अशा जागी बेल आइल हे बेट आहे. डेट्रॉइट शहराने १८७९ साली उद्यानासाठी ते दोन लाख डॉलरना विकत घेतलं. आज त्याचा विस्तार ९८२ एकर, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कहूनही मोठा. पाहुण्यांना घेऊन येणारी मंडळी बहुधा पश्चिमेच्या संगमरवरी स्कॉट कारंज्यापाशी फोटो काढतात, १९०४ सालचं मत्स्यालय पाहतात, काचघरातल्या ताडांखाली फिरतात आणि पुलावरून परततात. वाहन उद्योगाच्या निमित्ताने इथल्या उपनगरांत स्थिरावलेल्या मराठी घरांनाही मी आग्रहाने सांगते, गाडी तशीच पुढे पूर्वेला न्या. रानाच्या कडेला तिथे एक बैठं, छोटेखानी निसर्ग केंद्र आहे. डेट्रॉइट झूऑलॉजिकल सोसायटी ते चालवते आणि आत जायला तिकीट नाही.

इथे वाघ-सिंह नाहीत. कासवं, बेडूक, कोळी असे याच मुलखातले जीव आहेत, आणि पक्षी पाहायला एक मोठी काच आहे. दाणे ठेवलेल्या जागी डाउनी सुतारपक्षी येतो, मुठीत मावेल एवढा. नराच्या मानेमागे लाल ठिपका असतो. शेपटीचा टेकू देऊन तो खोडावर उभा चढतो, थांबतो, चोच मारतो. काचेला नाक लावून पाहणाऱ्या मुलांना हा ठिपका दिसला की ती पुढच्या प्रत्येक पक्ष्याची मान तपासू लागतात. पाहायला शिकणं ते हेच.

पण खरा ठेवा दाराबाहेर आहे. हे रान चिकणमातीवर उभं आहे. वितळलेल्या बर्फाचं आणि वसंतातल्या पावसाचं पाणी खाली झिरपत नाही, झाडांच्या बुंध्यांशी साचून राहतं आणि उन्हाळ्यात आटतं. वर्षभर टिकत नसल्याने त्या डबक्यांत मासे नसतात, म्हणूनच बेडकांची अंडी तिथे वाचतात. मिशिगनमध्ये दुर्मीळ असलेले शुमार्ड ओक आणि पंपकिन ॲश हे वृक्ष अशाच जमिनीवर वाढतात. सपाट, ओली जमीन माणसाला नेहमीच नांगराखाली किंवा घरांखाली हवी असते. त्यामुळे या प्रकारची जंगलं जवळजवळ संपली आहेत. इथलं उरलं याचं बरंचसं श्रेय फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडला जातं. सेंट्रल पार्कच्या या रचनाकाराने १८८० च्या दशकात बेल आइलचा आराखडा केला आणि हे रान राखण्यावर भर दिला. पुढे शहराच्या कारभाऱ्यांशी त्याचं बिनसलं, आराखडा अर्धामुर्धाच उतरला; तरी झाडं राहिली.

राहिली, पण सुखाने नव्हे. युरोपातून आणलेली फॅलो हरणं बेटावर पिढ्यानपिढ्या मोकळी हिंडत होती. कोवळी रोपं ती उगवताच खात, त्यामुळे म्हाताऱ्या झाडांना वारस उरेना. २००४ मध्ये कळप पकडून केंद्राजवळच्या कुंपणात ठेवला गेला. मुलांना ही हरणं फार आवडतात आणि आवडावीत. पण त्यांनी रानाचं काय केलं हेही त्याच कुंपणापाशी मुलांना सांगितलं पाहिजे. ॲश वृक्षांवर वेगळंच संकट आलं. पूर्व आशियातून आलेला, पाचूसारखा हिरवा एक भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरातच प्रथम ओळखला गेला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात, अन्नरस अडतो आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. उत्तर अमेरिकेत त्याने कोट्यवधी ॲश मारले.

बेटाभोवतीच्या नदीत मडपपी राहतो. हा सॅलमँडर आयुष्यभर पाण्यातच असतो, मानेशी तांबड्या कल्ल्यांचे झुबके घेऊन. गळाला लागला की काही जण त्याला विषारी समजून मारून टाकतात, आणि हे अज्ञान महाग पडतं. सॅलमँडर मसल नावाच्या शिंपल्याची पिल्लं केवळ याच्याच कल्ल्यांना चिकटून वाढतात. मडपपी गेला की शिंपलाही गेला.

२०१३ मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली. बेट ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिशिगन राज्याकडे गेलं आणि २०१४ पासून ते राज्य उद्यान झालं. मोटारीला पास लागू लागला; चालत, सायकलने येणाऱ्याला नाही. आपलं बेट आपल्या हातून गेलं, ही शहरवासीयांची सल मला रास्त वाटते. पण रानाकडे लक्ष गेलं हेही खरं. जुन्या रस्त्यांनी अडवलेलं पाणी पुन्हा वाहतं करण्याची कामं झाली, ओकोनोका तळं नदीला जोडलं गेलं.

जायचं तर एप्रिलअखेर जा, डबकी भरलेली असताना आणि डास सुरू होण्याआधी. पायांत रबरी बूट हवेत. मुलांना आधी काचेपाशी बसवा, मग रानात न्या. कारंजं उरलेल्या वेळात पाहता येईल.