रायफलीचे आटे गेले तर?

पेडण्यातील तुये येथे औद्योगिक वसाहत आहे. पंपाचे आटे गेले की लेथवाला मोठा टॅप फिरवतो, जाड बोल्ट बसवतो, काम झाले! शेतराखणीच्या रायफलीला मात्र हा न्याय लावू नये, असे मला वाटते. ईशापूर कारखान्याची .३१५ रायफल घ्या. तिची नळी ॲक्शनच्या, म्हणजे मागच्या सांगाड्याच्या, आट्यांत घट्ट बसते. काडतूस उडताना धक्का याच जोडाला बसतो. वेल्डिंग केले तर पोलादाला दिलेले पाणीच उतरते! जाणता कारागीर झिजलेले आटे मध्य साधून किंचित मोठे कापतो आणि नव्या नळीवर त्याच मापाचे काढतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा पंप खुशाल लेथवर न्या, रायफल परवानाधारक कारागिराकडेच.